अलेक्झांडर हॅमिल्टन : एका पोरक्या कारकुनाचे चरित्र

आपले गाव सोडून परमुलखात पोट भरावयास जाणे ही गोष्ट आमच्या धाराशिव जिल्ह्यातील लोकांस नवी नाही. पाऊस ओढ देतो, विहिरी तळ गाठतात, आणि घरातील कर्ता पुरुष सोलापूरची, पुण्याची वा मुंबईची वाट धरतो. कित्येक बिऱ्हाडे तर दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून ऊसतोडीस निघतात. मागे आजीआजोबांपाशी राहिलेली मुले आमच्यापुढे बाकांवर बसलेली असतात. परक्या ठिकाणी आपणांस कोण विचारील, ज्याच्या पाठीशी वडीलधारे कोणी नाही त्याच्या शिक्षणाचे काय होईल, हे प्रश्न या मुलांच्या मनात असतात. ती तोंडाने विचारीत नाहीत इतकेच. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी आम्ही यंदा अशा एका पुरुषाचे चरित्र निवडले आहे की, ज्याला बालपणी स्थिर घर नव्हते, ज्याचा बाप सोडून गेला व आई वारली. जो परक्या देशात एकटा गेला, तेथे वकील झाला, आणि ज्याने त्या देशाच्या राज्याची घडी बसविण्यास मोठा हातभार लावला. त्याचे नाव अलेक्झांडर हॅमिल्टन. त्याच्या गुणांबरोबर त्याचे दोषही आम्ही सांगणार आहो. कारण दोष झाकून लिहिलेल्या चरित्राचा विद्यार्थ्यांस उपयोग थोडा.

उत्तर व दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यान असलेल्या कॅरिबियन समुद्रात लहानमोठ्या बेटांची एक माळ आहे. तिला वेस्ट इंडीज म्हणतात. त्यांपैकी नेव्हिस नावाच्या, त्या काळी इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या चिमुकल्या बेटावर ११ जानेवारी रोजी हॅमिल्टनचा जन्म झाला. जन्माचे वर्ष कोणी १७५५ मानतात, कोणी १७५७. बाप जेम्स हा स्कॉटलंडातील एका खानदानी घराण्यातील धाकटा मुलगा. तो व्यापारात नशीब काढावयास आला आणि जन्मभर अपेशी राहिला. आई रेचल हिचे पहिले लग्न मोडले होते आणि कायद्याने तिला पुन्हा लग्न करण्याची मनाई होती. त्यामुळे तिच्या पुढील मुलांस न्यायालय औरस मानीत नसे. ज्या गोष्टीत मुलाचा तिळभरही दोष नव्हता, तिच्यावरून हॅमिल्टनच्या शत्रूंनी त्यास मरेपर्यंत टोमणे मारले.

सन १७६५ मध्ये हे कुटुंब डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालील सेंट क्रॉय या बेटावर आले. थोड्याच काळात बाप घर सोडून गेला, आणि बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही. आईने क्रिश्चनस्टेड गावी लहानसे दुकान थाटून दोन मुलांचे पोट भरले. फेब्रुवारी १७६८ मध्ये मायलेक दोघेही तापाने अंथरुणास खिळले; मुलगा वाचला, आई गेली. तिच्या मागे जे थोडे किडुकमिडुक राहिले ते न्यायालयाने तिच्या पहिल्या लग्नाच्या मुलास देऊन टाकले. आईची पुस्तकेही लिलावात निघाली. नात्यातील एका गृहस्थाने ती विकत घेऊन अलेक्झांडरच्या हाती परत दिली, एवढीच काय ती त्याची इस्टेट. ज्या चुलतमामेभावाच्या स्वाधीन या भावंडांस केले होते, त्यानेही पुढल्याच वर्षी आत्मघात केला. वयाची पंधरा वर्षे पुरी होण्यापूर्वी या मुलावर जे कोसळले, ते पुष्कळांवर साऱ्या जन्मात कोसळत नाही.

तो क्रूगर नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून राहिला. सेंट क्रॉय हे उसाचे बेट. आमच्याकडे तेरणेच्या काठी ऊस होतो, तसाच तेथेही होई. परंतु तेथला ऊस आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवरील आसुडाने पिकत असे, आणि हॅमिल्टन ज्या पेढीवर होता तिच्याकडेही गुलामांची जहाजे येत. त्या पेढीवर पीठ, लाकूड, साखर, खेचरे यांची उलाढाल चाले. रोजकीर्द लिहावी, खतावणी करावी, इंग्रजी, डॅनिश, स्पॅनिश अशा नाना नाण्यांचे भाव जुळवावे, जहाजांच्या कप्तानांशी पत्रव्यवहार करावा, ही कामे तो शिकला. १७७१ साली मालक प्रकृतीच्या कारणाने काही महिने न्यूयॉर्कला गेला, तेव्हा सारी पेढी या पोराच्या हवाली झाली. थकलेली उधारी त्याने वसूल केली, वाईट माल परत फिरविला, आणि खेचरे रोडावून आणणाऱ्या कप्तानास त्याच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता खडसावले. पुढे एका राष्ट्राचा खजिना ज्याने सांभाळला, त्याची पहिली शाळा ही अशी दुकानाच्या गल्ल्यापाशी भरली होती. दुकानात वडिलांच्या हाताखाली हिशेब लिहिणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

३१ ऑगस्ट १७७२ रोजी त्या बेटावर प्रचंड तुफान झाले. घरे उडाली, जहाजे किनाऱ्यावर फेकली गेली, माणसे दगावली. त्या रात्रीचे वर्णन अलेक्झांडरने आपल्या दूरच्या बापास पत्राने लिहून कळविले. बेटावर ह्यू नॉक्स नावाचे एक विद्वान पाळक होते. त्यांनी या मुलास आपली पुस्तके वाचावयास दिली होती. त्यांच्या प्रोत्साहनाने ते पत्र ऑक्टोबरमध्ये बेटाच्या वर्तमानपत्रात छापले गेले, आणि एका कारकून पोराने हे लिहिले याचे लोकांस नवल वाटले. व्यापारी व इतर गृहस्थ यांनी वर्गणी जमा केली आणि त्यास शिकण्यासाठी उत्तर अमेरिकेस धाडून दिले. ज्या बेटाचे तुफानाने नुकतेच वाटोळे केले होते, त्याच बेटावरील लोकांनी ही वर्गणी दिली, हे विसरता कामा नये. तो पुन्हा त्या बेटावर कधी आला नाही.

न्यू जर्सीतील एलिझाबेथटाऊन येथील शाळेत काही महिन्यांत पूर्वतयारी करून तो १७७३ साली न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. हेच विद्यालय आज कोलंबिया विश्वविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आमच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१३ पासून तेथेच अध्ययन केले. त्या वेळी अमेरिकेतील तेरा इंग्रजी वसाहती आणि इंग्लंडचे सरकार यांच्यात कराच्या प्रश्नावरून वाद पेटला होता. परदेशातून आलेल्या या विद्यार्थ्याने वसाहतींचा पक्ष घेऊन १७७४ च्या अखेरीस व १७७५ च्या आरंभी दोन पुस्तिका लिहिल्या. त्या निनावी असल्यामुळे त्या कोणा मुरलेल्या पंडिताच्या असाव्यात असे लोकांस वाटले.

याच काळातील एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. कॉलेजचे अध्यक्ष मायल्स कूपर हे इंग्लंडच्या राजाचे कट्टे पक्षपाती. १० मे १७७५ च्या रात्री क्षुब्ध जमाव त्यांना मारावयास कॉलेजवर चालून आला. हॅमिल्टन दाराच्या पायऱ्यांवर उभा राहून जमावाशी बोलत राहिला, आणि तेवढ्या अवकाशात कूपर मागल्या बाजूने निसटले. कूपर यांचे राजकारण त्यास मुळीच पसंत नव्हते. तथापि मताचा विरोध निराळा आणि माणसाच्या जिवावर उठणे निराळे, हा विवेक त्या कोवळ्या वयातही त्याच्यापाशी होता.

युद्ध सुरू झाले तेव्हा तो १७७६ साली न्यूयॉर्कच्या तोफखान्यातील एका तुकडीचा कप्तान झाला. ट्रेंटन व प्रिन्सटन येथील लढायांत त्याच्या तोफांनी चांगले काम केले. १ मार्च १७७७ रोजी सेनापती वॉशिंग्टन यांनी त्यास आपला चिटणीस नेमले, आणि सुमारे चार वर्षे सेनापतीचा बहुतेक पत्रव्यवहार याच तरुणाच्या लेखणीतून उतरला. उपाशी शिपाई, फाटके जोडे, काँग्रेसपाशी पैसा नाही आणि तेरा संस्थाने आपापला वाटा देण्यास नाखूष, हे सर्व त्याने त्या चार वर्षांत जवळून पाहिले. दुर्बळ मध्यवर्ती सरकार म्हणजे काय, हा धडा तो तेथे शिकला. डिसेंबर १७८० मध्ये ऑल्बनी येथे जनरल स्कायलर यांची कन्या एलिझाबेथ हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढील वर्षी यॉर्कटाऊनच्या वेढ्यात, १४ ऑक्टोबरच्या रात्री, बंदुका न भरता केवळ संगिनींच्या बळावर त्याच्या लोकांनी शत्रूचा एक बुरूज काबीज केला. पाचच दिवसांनी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. हाच कॉर्नवॉलिस १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि १७९२ साली निजाम व मराठे यांच्या साह्याने त्याने टिपू सुलतानास नमविले. यावरून जगाचा इतिहास एकमेकांत किती गुंतलेला आहे हे दिसून येईल.

लढाई संपत आली तेव्हा हॅमिल्टनपाशी बायको, एक तान्हे मूल आणि विद्येखेरीज दुसरे भांडवल नव्हते. वकिलीच्या परीक्षेस बसण्यापूर्वी तीन वर्षे उमेदवारी करावी असा न्यूयॉर्कचा नियम होता; लढाईवरून परतलेल्या तरुणांस त्यातून सूट मिळाली. हॅमिल्टनने ऑल्बनी येथे काही महिने रात्रंदिवस अभ्यास केला, स्वतःच्या उपयोगासाठी न्यायालयाच्या कामकाजाची एक टिपणवही तयार केली, आणि १७८२ साली त्यास वकिलीची सनद मिळाली. ती टिपणवही इतकी नेटकी होती की, पुढे कायदा शिकणारे इतर तरुण तिच्या नकला करून घेत.

१७८३ च्या अखेरीस इंग्रज फौज न्यूयॉर्कमधून निघून गेली आणि त्याने तेथे आपली कचेरी थाटली. जे लोक युद्धात राजाच्या बाजूने राहिले होते त्यांच्यावर आता सूड उगवला जात होता. त्यांच्या मिळकती हिसकावण्यास सोयीचे कायदे झाले होते. एलिझाबेथ रटगर्स नावाच्या विधवेच्या मालकीची बिअर गाळण्याची जागा इंग्रजांच्या अमलात काही व्यापाऱ्यांनी चालविली होती. त्यांच्यापैकी वॉडिंग्टन याच्यावर तिने भाड्याचा दावा लावला. विधवेकडे सर्वांची सहानुभूती, आणि प्रतिवादी इंग्रज पक्षाचा. असा खटला घेणे म्हणजे लोकांच्या शिव्या खाणे होते. हॅमिल्टनने तो १७८४ साली घेतला. राष्ट्राने शत्रूशी केलेला तह एखाद्या संस्थानाच्या कायद्याहून श्रेष्ठ मानला पाहिजे, नाहीतर राष्ट्राच्या शब्दास किंमत उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. निकाल काही अंशी त्याच्या बाजूने लागला. लोकांनी त्यास देशद्रोहीही म्हटले. परंतु जिंकलेल्याने हरलेल्यास कायद्याचे छत्र नाकारले तर स्वातंत्र्याचा अर्थ तो काय राहिला, हे त्याने ओळखले होते.

तेरा संस्थानांची त्या वेळची अवस्था समजून घेण्यासाठी आमच्या वाचकांस दूर जावयास नको. १९४८ पूर्वी आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचे बार्शी व सोलापूर इंग्रजी मुलखात. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. मोगलाईतून माल पलीकडे नेताना वा तिकडून आणताना जकात द्यावी लागे. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. सुमारे सात हाली रुपये द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत. एकाच भाषेची, एकाच नात्यागोत्याची माणसे, परंतु बाजार दोन, नाणी दोन, कायदे दोन. अमेरिकेत हा प्रकार तेरा ठिकाणी होता. न्यूयॉर्क संस्थान शेजारच्या न्यू जर्सीतून येणाऱ्या मालावरही जकात घेई. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. ती संस्थानांकडे मागणी करी, आणि संस्थाने दिले तर देत. युद्धासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याजही निघेना.

हॅमिल्टनला कोणत्याही एका संस्थानाचा जन्मजात अभिमान नव्हता. तो बाहेरून आलेला. त्याच्या दृष्टीस तेरा तुकडे न दिसता एक देश दिसला. परकेपणा हे त्याचे न्यून होते, आणि या एका बाबतीत तेच त्याचे बळ ठरले. सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिस येथे व्यापाराच्या विचारासाठी परिषद भरली. पाचच संस्थानांचे प्रतिनिधी आले. परिषद फसली म्हणून इतर निराश झाले असते. हॅमिल्टनने तेथेच सर्व संस्थानांस पुढील वर्षी मोठ्या परिषदेचे निमंत्रण देणारा खलिता लिहिला. त्याप्रमाणे मे ते सप्टेंबर १७८७ पर्यंत फिलाडेल्फिया येथे घटनापरिषद भरली.

या परिषदेत त्याचे मत फारसे चालले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १८ जून रोजी त्याने सुमारे सहा तास भाषण केले. राष्ट्राध्यक्ष व वरिष्ठ सभागृहाचे सभासद यांनी वर्तन नीट असेपर्यंत तहहयात अधिकारावर राहावे, असे त्याने सुचविले. बहुजनसमाजाच्या शहाणपणावर त्याचा भरवसा बेताचाच होता. ही योजना कोणी उचलून धरली नाही, आणि ते बरेच झाले असे आम्हांस वाटते. त्याच्या संस्थानाचे इतर दोन प्रतिनिधी परिषद सोडून गेले. तोही मध्यंतरी परत गेला होता, परंतु पुन्हा आला. शेवटी जी घटना तयार झाली ती त्याच्या मनासारखी नव्हती. तरी १७ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कतर्फे एकट्याने तिच्यावर सही केली.

त्याचे खरे मोठेपण यापुढे दिसले. आपल्या मनासारखी नसलेली ही घटना लोकांनी मान्य करावी म्हणून तो रात्रीचा दिवस करू लागला. जेम्स मॅडिसन व जॉन जे यांच्या साह्याने त्याने वर्तमानपत्रांतून एकाच टोपणनावाने लेखमाला चालविली. ८५ लेखांच्या या मालेस फेडरलिस्ट म्हणतात; तीतील ५१ लेख हॅमिल्टनचे आहेत, आणि ते सर्व वकिलीचा धंदा सांभाळून काही महिन्यांत लिहिलेले. न्यूयॉर्कच्या सभेत आरंभी विरोधकांचे मोठे बहुमत होते. अनेक आठवड्यांच्या वादानंतर २६ जुलै १७८८ रोजी ३० विरुद्ध २७ मतांनी घटना मान्य झाली. आपले म्हणणे फेटाळले गेले म्हणजे रुसून घरी बसणारे लोक आमच्या गावोगावच्या पंचायतींत व संस्थांत थोडे नाहीत. त्यांनी हॅमिल्टनच्या या वर्षाचा इतिहास वाचावा.

वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी सप्टेंबर १७८९ मध्ये हॅमिल्टनला अर्थमंत्री नेमले. खजिना रिकामा होता आणि डोक्यावर कर्ज होते. संस्थानांचे व राष्ट्राचे मिळून ते सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर भरत होते. हॅमिल्टनने जानेवारी १७९० मध्ये आपली योजना मांडली. सर्व कर्ज राष्ट्राने आपल्या अंगावर घ्यावे आणि पै न् पै फेडण्याची हमी द्यावी, हे तिचे सार. ज्याची पत बाजारात चांगली त्यास अडीअडचणीला पैसा मिळतो. ज्याने एकदा बुडविले त्याच्या दारी सावकार पुन्हा उभा राहत नाही. हे आमच्या शेतकऱ्यांस व व्यापाऱ्यांस समजावून सांगावयास नको.

परंतु या योजनेस एक कडू बाजू होती. शिपायांना पगाराऐवजी जे रोखे मिळाले होते, ते कित्येकांनी गरजेपोटी सटोडियांना कवडीमोलाने विकले होते. आता पूर्ण रक्कम मिळणार ती सटोडियांना. शिपायाच्या हाती काही नाही. मूळ मालकास काही वाटा द्यावा असे मॅडिसनचे म्हणणे पडले. हॅमिल्टनचे उत्तर असे होते की, विकलेल्या कागदावरचा हक्क मागाहून नाकारला तर यापुढे सरकारी कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही. व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबर होता. न्यायाच्या दृष्टीने मॅडिसनचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. दोन्ही बाजूंस काही सत्य असते अशा ठिकाणीच राज्यकर्त्याची परीक्षा होते. अखेरीस राजधानी दक्षिणेस पोटोमॅक नदीवर न्यावी आणि त्याच्या मोबदल्यात कर्जाची योजना पास व्हावी, अशी तडजोड होऊन मार्ग निघाला.

१७९१ साली राष्ट्रीय बँक स्थापन झाली. १७९२ साली टांकसाळीचा कायदा होऊन डॉलरचे शंभर भाग करणारे दशमान नाणे सुरू झाले. आमच्याकडे रुपयाचे शंभर नवे पैसे १ एप्रिल १९५७ रोजी झाले. देशाने केवळ शेतीवर विसंबू नये, कारखानेही काढावेत, असा विस्तृत अहवालही त्याने १७९१ च्या अखेरीस सादर केला. त्याचा मुख्य विरोधक थॉमस जेफरसन यास शेतकऱ्यांचे राष्ट्र हवे होते. या दोघांच्या भांडणातून अमेरिकेतील पहिले राजकीय पक्ष जन्मास आले. राष्ट्राचे कोट्यवधी डॉलर ज्याच्या हातून गेले त्या हॅमिल्टनचा पगार वर्षास ३,५०० डॉलर होता. वाढत्या कुटुंबाचा खर्च भागेना, म्हणून जानेवारी १७९५ च्या अखेरीस त्याने पद सोडले आणि पुन्हा वकिलीचा झगा चढविला.

गुलामगिरीविषयी त्याचे वर्तन कसे होते, हेही विचारले पाहिजे. गुलामांस मुक्त करावे या हेतूने १७८५ साली न्यूयॉर्कमध्ये जी संस्था निघाली, तिचा तो आरंभीच्या सभासदांपैकी एक होता. त्या संस्थेने १७८७ साली निग्रो मुलांसाठी शाळा काढली, आणि १७९९ साली न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी हळूहळू बंद करण्याचा कायदा झाला. तथापि त्याच्या सासुरवाडीस गुलाम होते, आणि ज्या घटनेसाठी तो झटला तिने गुलामगिरीस हात लावला नाही. लहानपणी उसाच्या मळ्यांत त्याने जे पाहिले ते मनास लागले होते, पण त्यासाठी सर्वस्व पणास लावण्याइतके नाही.

आता त्याच्या अधोगतीचा भाग. पदावर असता त्याने आपल्या पत्नीशी बेइमानी केली होती, आणि त्याचा फायदा घेऊन एका माणसाने त्याच्याकडून पैसे उकळले. पुढे विरोधकांनी सरकारी पैशाच्या अफरातफरीचा आळ घेतला. तेव्हा १७९७ साली त्याने पुस्तिका छापून आपला खाजगी अपराध जगापुढे कबूल केला आणि खजिन्यातील एक छदामही आपण घेतला नाही हे सिद्ध केले. खजिन्याच्या बाबतीत तो खरोखरच निष्कलंक होता. परंतु ती पुस्तिका वाचून एलिझाबेथबाईंच्या मनास काय झाले असेल, याचा त्याने पुरेसा विचार केला असे दिसत नाही. लोकांपुढे आपला शब्द खरा ठरावा, या हव्यासापुढे त्यास घर दिसले नाही.

हाच हव्यास शेवटी त्याच्या जिवावर उठला. त्या काळी मानापमानाच्या प्रसंगी सभ्य म्हणविणारे लोक पिस्तुलांनी द्वंद्वयुद्ध करीत. कायद्याने त्यास बंदी होती, तरी आव्हान नाकारणारा भेकड ठरे. १८०१ च्या नोव्हेंबरात हॅमिल्टनचा थोरला मुलगा फिलिप, वय १९, बापाच्या अपमानाचे निमित्त होऊन अशाच युद्धात मारला गेला. त्या धक्क्याने थोरली मुलगी अँजेलिका कायमची भ्रमिष्ट झाली. ज्या घराने एवढे सोसले, त्या घरच्या धन्यास तीन वर्षांनी तरी शहाणपण सुचावे की नाही?

आरन बर हा न्यूयॉर्कचाच वकील. दोघांनी कित्येक खटल्यांत शेजारी उभे राहून काम केले होते. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन व बर यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी सारखी मते पडली, तेव्हा हॅमिल्टनने आपला जुना वैरी जेफरसन यास पसंती दिली. कारण जेफरसनला तत्त्वे तरी आहेत, बरला नाहीत, असे त्याचे मत होते. बर उपाध्यक्ष झाला. १८०४ साली तो न्यूयॉर्कचा गव्हर्नर होण्यासाठी उभा राहिला आणि हरला. त्या सुमारास ऑल्बनी येथील एका मेजवानीत हॅमिल्टनने बरविषयी निंदेचे शब्द काढले, असे एका वर्तमानपत्रात छापून आले. बरने खुलासा मागितला. हॅमिल्टनने वकिली थाटाचे उत्तर दिले. पत्रावर पत्र चढले आणि आव्हान आले. सरळ दोन शब्द बोलून मिटण्यासारखा मामला होता. दोघांपैकी कोणीही ते दोन शब्द बोलला नाही.

द्वंद्वयुद्ध धर्माच्या व नीतीच्या विरुद्ध आहे, आपल्या बायकोमुलांचा व धनकोंचा आपल्या जिवावर हक्क आहे, हे हॅमिल्टनने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, आणि पहिला बार वाया घालविण्याचा आपला विचारही नमूद केला. इतके समजूनही ११ जुलै १८०४ रोजी पहाटे तो नावेने नदी ओलांडून वीहॉकन येथे गेला. त्याची गोळी वर झाडात गेली. बरची त्याच्या कमरेवर लागून पाठीच्या कण्यात शिरली. मित्राच्या घरी आणल्यावर त्याने प्रभुभोजनाची याचना केली. बिशप मूर यांनी प्रथम नकार दिला; पुढे बरविषयी आपल्या मनात आकस नाही, आणि बरा झालो तर अशा युद्धांच्या विरुद्ध वागेन, असे त्याने सांगितल्यावर त्यांनी ते दिले. दुसऱ्या दिवशी, १२ जुलै रोजी, पत्नी व सात मुले यांना पाहून त्याने प्राण सोडला. वय सत्तेचाळीस किंवा एकोणपन्नास.

आमच्या जिल्ह्यात आज पिस्तुलांची द्वंद्वे होत नाहीत. परंतु वीतभर बांधासाठी, लग्नातील मानपानासाठी, एका तोंडच्या शब्दासाठी भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, आणि दोन पिढ्या धाराशिवच्या कचेरीचे उंबरे झिजवितात, हे कोणास ठाऊक नाही? अशा घरांतील मुलांच्या फीचे पैसे वकिलाच्या व साक्षीदारांच्या खर्चात जातात. एका राष्ट्राचे कर्ज फेडण्याची युक्ती ज्यास सुचली त्या बुद्धिमान पुरुषास अभिमान गिळता आला नाही. मग आपण सावध असावे हे उत्तम. बुद्धी ही शाळेत वाढते. मनाचा आवर हा घरी, वडीलधाऱ्यांकडे पाहून येतो. म्हणून हा भाग आम्ही पालकांनी वाचावा म्हणून लिहिला आहे.

हॅमिल्टनच्या मागे इस्टेटीपेक्षा कर्ज अधिक निघाले, आणि राष्ट्राच्या खजिनदाराच्या कुटुंबासाठी मित्रांस वर्गणी करावी लागली. एलिझाबेथबाई पुढे पन्नास वर्षे जगल्या. १८५४ साली ९७ व्या वर्षी त्या वारल्या. नवऱ्याचे कागद त्यांनी शोधून शोधून जमा केले व त्याच्या चरित्राची सोय लावली. त्याहून मोठे काम त्यांनी १८०६ साली केले. इतर काही ख्रिस्ती भगिनींसह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पोरक्या मुलांसाठी आश्रम स्थापिला, आणि पुढे १८४८ पर्यंत सत्तावीस वर्षे त्या त्याच्या मुख्य चालक होत्या. मुलांचे कपडे, शिक्षण, पुढील धंदा यांची त्या जातीने चौकशी करीत. त्या संस्थेचे कार्य निराळ्या नावाने आजही चालू आहे.

हॅमिल्टनची मुद्रा आज अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर आहे, आणि जगातील पुष्कळ लोक त्यास तेवढ्यावरूनच ओळखतात. आमच्या मुलांनी त्यास दुसऱ्या एका खुणेने ओळखावे. सेंट क्रॉय बेटावर तुफानाने घरे पडली असता, काही माणसांनी आपल्या खिशातील पैसे एका परक्या, पोरक्या कारकुनाच्या शिक्षणासाठी काढून दिले. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास माहीत नाहीत. तो मुलगा पुढे काय होईल हे त्यांनाही माहीत नव्हते. त्यांच्या त्या दानातून एका राष्ट्रास आपली घडी बसविणारा वकील मिळाला, आणि त्या वकिलाच्या विधवेकडून शेकडो पोरक्या मुलांस छप्पर मिळाले. ज्यांच्या घरी यंदा दोन घास अधिक आहेत त्यांनी आपल्या आळीतील असे एखादे मूल पाहून ठेवावे; आणि ज्या मुलास आज दुसऱ्याच्या मदतीने शिकावे लागत आहे त्याने मान खाली घालू नये, अभ्यास करावा.